विहिणीचा अडुळसा

"इहीनबाई आल्या व्हय!" सहदेवानं वांग्याच्या वाफ्यातूनच हाळी दिली. नवऱ्याची हाक ऐकून निंबावरची गुळवेल तोडता तोडता पार्बताबाईचा हात थांबला.

"अवो माय! आत्ता? घर सारवलं नाई, पोरगी तापानं फणफणून राहिली, अन् आत्ताच?"

अमरावतीच्या वेशीबाहेरच्या त्या मळ्यात तेव्हा भाजी देठावरच जून होत होती. मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या, साथीनं बाजार ओस पडला होता. घ्यायला कोणी नाही आणि विकायला जायची कोणाची छाती नाही. नवरात्रात माहेरी आलेली शकुन अंथरुणाला खिळली होती. पार्बताबाई देवाला नवस बोलायची आणि चुलीवर गुळवेल उकळायची. दोन्हींवर तिचा सारखाच भरवसा होता.

आणि आता अकोल्याहून ही विहीण, मनकर्णाबाई. नाकावर माशी बसू न देणारी बाई! शकुनच्या सोयरिकीच्या वेळी हिला खोकला झाला होता. पार्बताबाईनं मोठ्या हौसेनं गुळवेलीचा काढा पुढे केला, तर ही म्हणाली, "आमच्या अकोल्यात अडुळसा असताना हे कडूजहर कोन पेईन?" आणि कमरेच्या पिशवीतून तिनं स्वतःचा अडुळसा काढला. तेव्हापासून दोघी एकमेकींना पाण्यात पाहत. सणासुदीला भेटल्या की बोलणं पुरणावरून सुरू व्हायचं आणि औषधावर येऊन भांडण व्हायचं.

आज मात्र मनकर्णाबाईनं पायांवर पाणी घालायला कोणी येण्याची वाट पाहिली नाही. रांजणातलं पाणी स्वतःच घेतलं आणि विचारलं, "पोरगी कुठी हाय?"

"आत हाय. जावई नाई आले?"

"चंद्रभान तापातून उठला, पन पायात जीव नाई अजून. मी एकलीच आली."

शकुनच्या कपाळावर हात ठेवून ती बराच वेळ बसली. मग चुलीपाशी आली. पार्बताबाई ठेचलेली गुळवेल पातेल्यात टाकत होती. आता काहीतरी खवचट ऐकायला मिळणार, म्हणून ती उत्तर तयार ठेवूनच बसली होती.

"गुळवेलच द्या तिले," मनकर्णाबाई म्हणाली. "बम द्या, लागन तेवढी. अडुळसा नोको."

पार्बताबाईला हसू येणार होतं, पण विहिणीचा चेहरा पाहून ते ओठांतच जिरलं.

"काहून वो?"

"रुख्मिणी गेली, माही लेक. मानमोडीनंच." मनकर्णाबाईनं विस्तव उगाचच पुढे सारला. "सासरी जाऊन मी माह्या हातानं अडुळसा पाजला तिले. शकुनले सांगू नोका. ननंद-भावजयीचा लय जीव होता."

बाहेर मोटेचं पाणी पाटात पडत होतं. पार्बताबाई विहिणीजवळ सरकली.

"इहीनबाई, माही माय सांगे, औषध काई चोर पकडत नाई. ते फक्त आंगातल्या जागल्याले जागं ठेवते. ज्वारीत नाई का आपन जागल्या ठेवत?"

"मंग माह्या पोरीचा जागल्या काहून नाई उठला?"

"उठला असन. पन जागल्या एक, अन् चोर दहा. अडुळशाचा काय दोष? अन् उद्या शकुनले बरं वाटलं, त थे गुळवेलीनंच वाटलं, हे तरी मी कोन्या तोंडानं सांगू?"

असं ती आयुष्यात पहिल्यांदाच बोलली. बोलल्यावर तिचं तिलाच हलकं वाटलं. मग ती उठली, कुंपणातल्या अडुळशाची ओंजळभर पानं तोडून आणली आणि विहिणीपुढे धरली.

"तुमच्या हातानं टाका."

"नोको. हे हात..."

"हेच हात पाह्यजे मले."

मनकर्णाबाईनं पानं पातेल्यात टाकली. काढ्याचा वास दोघींच्या नाकांत गेला. इतका वाईट वास अमरावतीत कोणी आणि अकोल्यातही कोणी घेतला नसेल. दोघींना एकदमच ठसका लागला.

शकुनचा ताप उतरला. कशानं उतरला ते देव जाणे. दिवाळीच्या तोंडावर ती अंगणात उन्हाला बसून ज्वारीची भाकर दुधात कुस्करून खाऊ लागली, तेव्हा सहदेवानं वाफ्याच्या बांधावर बसून डोळे पुसले आणि पुन्हा खुरपं हातात घेतलं.

"आई, मले कोनाच्या औषधानं बरं वाटलं वो?" शकुननं खोडीनं विचारलं. उत्तर काय येणार ते तिला ठाऊक होतं. पुढचं भांडणही तिला ठाऊक होतं, आणि तिला तेच ऐकायचं होतं.

पार्बताबाई सुपात ज्वारी पाखडत होती. तिनं मान वर केली नाही.

"तुह्या सासूच्या अडुळशानं," ती म्हणाली. "गुळवेल त मी नावाले टाकली होती."

मनकर्णाबाईनं पदर तोंडाशी नेला आणि आल्यापासून आज पहिल्यांदा ती रडली, चांगली हमसून हमसून. शकुननं वाटी बाजूला ठेवली आणि सासूच्या गळ्यात हात टाकला. रुख्मिणीचं तिला अजून कोणी सांगितलं नव्हतं; सासू आपल्यासाठीच रडतेय, असं तिला वाटलं. त्यातही खोटं काही नव्हतं.