भुसभुशीत

किरगिझ मुलखातल्या तलासच्या खोऱ्यात घेवडा कुणाच्या शेतात येत नाही? सगळ्यांच्या येतो. झूराकानच्या शेतात मात्र नवरा गेल्यापासून झाडं वीतभर वाढून पिवळी पडत आणि शेंगेत एखाददुसरा दाणा सापडे. गावानं निकाल देऊन टाकला होता: घरधनी गेला, बरकत गेली.

तिचा थोरला दीर सापारअली एकदा बांधावर घोडा थांबवून म्हणाला, "केलिन, अगं सूनबाई, ही जमीन आता पिकाची राहिली नाही. ओमुरझाकच्या नावानं इथं कोक-बोरू खेळायचं कायमचं मैदान करू. माझ्या भावाचं नाव राहील. तू ये आमच्याकडे राहायला."

म्हणजे शेत द्यायचं आणि जन्मभर जावेच्या हाताखाली तंदूरपाशी उभं राहायचं.

घोड्यावरून बोकडाचं धूड पळवायच्या त्या खेळात ओमुरझाक पटाईत होता. मार्चमधल्या नोरूझच्या सणाला त्याच्याच सपाट शेतात खेळ रंगे. आमंत्रण त्याचंच असायचं. तो गेल्यावर कुणी तिला विचारायचीही तसदी घेतली नाही. घोडे येतच राहिले.

झूराकाननं एक झाड उपटून दिरापुढे धरलं. मूळ बोटभर खाली जाऊन तिथून आडवं वळलं होतं. निरोगी घेवड्याच्या मुळावर असतात त्या गाठीही नावालाच होत्या.

"बघा, बाइके, बघा दादा. बरकत कुठं गेलेली नाही. बर्फ वितळून माती ओली असते, तेव्हा तुम्ही गावभरचे घोडे तिच्यावर नाचवता. यांच्या वेळेपासून दरसाल दबत दबत आता खाली फरशी झालीय नुसती. मूळ शिरणार कुठून? पाणी सोडलं तर वरच तुंबतं."

"घोड्याच्या टापेनं कधी जमीन बिघडते का? किरगिझ बाई ना तू? नोरूझला घोडे येणार. अडवून दाखव."

"दाखवते."

दीर गेल्यावर उपटलेलं झाड तिनं बांधावर आपटलं. मेलेल्या नवऱ्याचाही तिला मनस्वी राग आला. वाहवा त्यानं मिळवली आणि निस्तरायचं हिनं.

घेवड्याची काढणी झाली तशी तिनं कुदळ उचलली. नांगर वरवर उकरायचा, खालची फरशी तशीच राहायची. कुदळीनं ती फोडायला लागली. ढेकळं दगडासारखी निघत. हाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले.

"सोनं पुरलंय का गं नवऱ्यानं?" शेजारची बातमा एजे, म्हणजे बातमाताई, कुंपणावरून विचारी.

"पुरलं असेल तर तुम्हाला बांगड्या करीन, एजे. आता चहा तरी पाजा."

जमीन गोठेपर्यंत ती खणत राहिली. ढेकळं तशीच उघडी टाकली. उरलेलं काम थंडीनं केलं. गोठून, फुगून, फुटून मार्चपर्यंत त्यांचा भुगा झाला.

नोरूझच्या सकाळी सुमोलोक, म्हणजे मोड आलेल्या गव्हाची सणाची खीर, वाटीभर खाऊन ती बांधावर जाऊन उभी राहिली. स्वार आले, बोकड आला, सगळ्यांपुढे सापारअलीचा करडा घोडा. त्यानं ऐटीत घोडा शेतात घातला. चार पावलांत घोड्याचे पाय नडगीपर्यंत रुतले. जनावर फुरफुरलं, धडपडलं, मागं सरलं. सापारअलीचा चेहरा उतरला. भावजयीची कधी कणव न आलेला तो माणूस खाली उडी मारून घोड्याचा पाय चाचपायला लागला.

"या ना, बाइके!" झूराकान ओरडली. "मैदान तुमचंच ना? खेळा!"

"पाय मोडेल घोड्याचा! बाई आहेस का कोण आहेस? आता सण कुठं करायचा गावानं?"

"तुमच्या शेतात. चांगलं सपाट आहे. टापेनं जमीन बिघडत नाही ना?"

"माझ्या शेतात? आणि माझं पीक..." सापारअलीनं जीभ चावली.

घोडे गप्प होते, माणसंच खिंकाळली. बोकड उचलून सगळे नदीकाठच्या माळाकडे वळले. सापारअली लगाम धरून पायीच निघाला, त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

झूराकान वाकली आणि तिनं मातीत मूठ खुपसली. मूठ मनगटापर्यंत आत गेली.