सगळ्यांनी आमेन म्हटलं

प्रार्थना चालू असताना माझं निम्मं लक्ष भट्टीकडे असतं. देवाला ते माहीत आहे, आणि बेकरीवाल्या बाईकडून त्याने फार अपेक्षाही ठेवलेली नसावी. पण त्या रविवारी मी शब्दन् शब्द ऐकत होते. प्रार्थना भिंगरी करणार होती, आणि ती संपली की आमची मुलगी म्हणून आमच्याबरोबर घरी येणार होती.

आमच्या चर्चच्या मंडळीचं एक बालगृह आहे. ज्यांचं कुणीच नाही अशी मुलं तिथे राहतात. मंडळीतले डॉक्टर मुलांचे दात बघून जातात, सुतार पलंगांचे पाय ठोकून देतो, आणि सकाळचा पाव आमच्याकडून जातो. तो पोचवायला मी स्वतःच जायचे. आमचे हे म्हणायचे, "अगं, गाडीवाला आहे की." मी म्हणायचे, "गाडीवाल्याला पावातलं काय कळतं?" खरं कारण त्यांनाही ठाऊक होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, घरात पाळणा काही हलला नाही, आणि त्या फाटकातून आत शिरलं की पोरं "काकू, काकू" करत अंगावर यायची.

भिंगरी सगळ्यांच्या मागून यायची, कारण सरळ चालणं तिला माहीतच नव्हतं. स्वतःभोवती गिरक्या घेत यायची, म्हणून भिंगरी. पाच-सहा वर्षांची असेल. ट्रेवरचं कापड काढलं की त्यात नाक खुपसायची आणि मला ऐकवायची, "कालचे पाव जास्त चांगले होते, काकू." आणि असायचे हो! एवढीशी पोर, पण जीभ थेट माझ्यासारखी. मी तिला जीव लावला यात नवल ते काय?

एकच गोष्ट मला खटकायची. तिला गरम पाव दिला की ती अर्धाच खायची, आणि उरलेला घेऊन मागच्या कपड्यांच्या खोलीकडे पळायची. एकदा मी तिच्या मागोमाग गेले. कपडे धुणारी बाई हौदाशी उभी राहून तो अर्धा पाव खात होती आणि पोर समोर उभी राहून बघत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अनाथ लेकराच्या तोंडचा घास खाते ही बया! मी तडक मोठ्याबाईंना गाठलं. मोठ्याबाई म्हणजे बालगृहाच्या प्रमुख. त्यांनी त्या बाईला चांगलंच फैलावर घेतलं. बाई मान खाली घालून "चुकलं" म्हणाली आणि पुन्हा कपडे पिळायला लागली. तेव्हापासून भिंगरीचं तिकडे पाव घेऊन जाणं बंद झालं. ती माझ्यासमोर बसून अख्खा पाव खायला लागली आणि मला बरं वाटलं.

मग आम्ही तिला मागितलं. अधिकारी घर बघून गेले, पाळकसाहेबांनी आमच्यासाठी शब्द टाकला. कोर्टाचं काम पुढे यथावकाश व्हायचं होतं, पण राहायला ती त्या रविवारपासून यायची होती. यांनी बेकरीवरची खोली स्वतः रंगवली. निम्मा रंग भिंतीला आणि निम्मा स्वतःच्या केसांना. तो माणूस आयुष्यात इतका हसलेला मी पाहिला नव्हता.

आमच्यात एक पद्धत आहे. बालगृहातलं मूल कुणाच्या घरी जायला निघालं की शेवटची प्रार्थना ते मूलच करतं, बालगृहाच्या सभागृहात, सगळ्या मंडळीसमोर, मोठ्या आवाजात. शब्द कुणी शिकवायचे नाहीत. मोठ्याबाईंनी मुलांकडून एकच धडा घोटून घेतलेला आहे. माणसांपुढे एखादी गोष्ट बोलला नाहीत तर चालेल, पण देवापुढे काही लपवायचं नाही.

भिंगरी स्टुलावर चढून उभी राहिली. पांढरा फ्रॉक, त्याला कडक इस्त्री, केसांचा भांग सरळ. तिने हात जोडले, डोळे घट्ट मिटले आणि सुरुवात केली.

"हे आकाशातल्या बापा, तुझे आभार. पावासाठी आभार. काकू रागावतात पण चांगल्या आहेत. काका तर चांगलेच आहेत. मोठ्याबाईंचा गुडघा बरा कर. मी काकूंकडे चाललेय तर माझ्या आईलापण तिकडे यायला मिळू दे. ती इथे कपड्यांच्या खोलीत असते. मी नसले की तिला झोप येत नाही. हे मी माणसांना सांगितलेलं नाही, फक्त तुला सांगतेय. येशूच्या नावाने मागते, आमेन."

"आमेन!" आम्ही सगळे म्हणालो.

सवय हो, दुसरं काय? 'येशूच्या नावाने मागते' एवढं कानावर पडलं की आमच्या मंडळीचं तोंड आपोआप उघडतं. आधी काय मागितलं ते डोक्यात शिरायला वेळ लागतो. सगळ्यांत मोठा आमेन माझा होता. तो अजून कानात घुमत असतानाच मला कळलं की आपण कशाला आमेन म्हणालो.

पाळकसाहेबांचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं. मोठ्याबाई एका हाताने खुर्चीची पाठ चाचपडत होत्या. यांनी माझा हात धरला.

भिंगरीने डोळे उघडले. एवढे लोक आपल्याकडे टक लावून बघताहेत म्हणजे प्रार्थना झकास झाली असणार, असंच तिला वाटलं. ती स्टुलावरून उडी मारून उतरली आणि बाकांच्या मधून गिरक्या घेत मागच्या दाराकडे धावली. दाराआड ती कपड्यांची बाई उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"चल, मावशी," भिंगरी तिचा हात ओढत म्हणाली. "सगळ्यांनी आमेन म्हटलं!"

मावशी. माणसांसमोर ती अजूनही तिला मावशीच म्हणत होती. पोरीने आईला दिलेला शब्द पाळला होता.

मुलांना अंगणात पाठवून आम्ही मोठ्याबाईंच्या खोलीत बसलो. ती बाई बसली नाही. दाराशी उभीच राहिली.

"तू फाटकाशी आलीस तेव्हा काय सांगितलंस मला?" मोठ्याबाईंनी विचारलं. "बहीण वारली, तिची पोर आहे, माझ्याच्याने सांभाळणं होत नाही, दुसरं कुणी नाही म्हणालीस. आणि नंतर काम मागायला आलीस. मी दिलं. अगं, मी तुझ्यावर विश्वास ठेवला!"

"खरं सांगितलं असतं तर घेतलं असतंत हिला?" बाईने विचारलं.

मोठ्याबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"नवरा टाकून गेला," बाई म्हणाली. "लोकांच्या घरी राहून काम करायचे. सगळीकडे एकच, तू चालशील पण पोर नको. शेवटी हिला घेऊन बसस्टँडवर झोपायची वेळ आली. तिथे एकजण हिच्याकडे असा बघत होता की मी सकाळी उठून सरळ तुमच्या फाटकाशी आले. येताना रस्त्यात हिला शिकवलं, आजपासून मी तुझी मावशी. कुणी विचारलं तर तुला आई नाही. रडली नाही हो ती. मी सांगितलं तसं म्हणून दाखवलं."

एवढं लेकरू, आपली आई मेली असं पाठ करतं, रोज त्याच आईने धुतलेले कपडे घालतं, आणि मी तिथे पावाचे ट्रे मोजत हिंडत होते. मी तावातावाने काहीतरी बोलायला गेले आणि भलतंच विचारलं, "आणि तो अर्धा पाव?"

"मी नको म्हणायचे, ताई. मी खाल्ला नाही तर तीही खायची नाही. मग खायचे. तुम्ही सांगितल्यावर बंद केला. तिला म्हटलं, आता मला पाव आवडत नाही."

त्या क्षणी मला त्या खोलीतून पळून जावंसं वाटलं.

मोठ्याबाईंनी डोळे पुसले. "नियम माझ्या हातात नाहीत गं. आई आहे म्हटल्यावर हिला इथे ठेवता येणार नाही. आणि खोटं बोलून कामाला लागलेल्या बाईला समिती ठेवणार नाही. मी उद्या त्यांना काय सांगू?"

"म्हणजे आई मेली तर पोराला पाव, आणि आई जिवंत असेल तर रस्ता?" मी ओरडले. "इतकी वर्षं भल्या पहाटे उठून मी हे पुण्य करतेय? आमचा पाव खायला हिच्या आईने आधी मरायला हवं होतं?"

पाळकसाहेब म्हणाले, "शांत व्हा." मी म्हटलं, "होत नाही शांत!" आणि मग सगळा राग त्या बाईवरच उलटला, कारण ती समोर होती. "आणि तू? आज पोर माझ्याबरोबर कायमची निघाली होती. तिने देवाजवळ तोंड उघडलं नसतं तर तू काय केलं असतंस?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"फ्रॉकला इस्त्री करून दिली की सकाळी," ती म्हणाली. "तुमच्याकडे खोली आहे, काका चांगले आहेत. तुमचा जीव आहे तिच्यावर. आणखी मी काय करणार होते?"

लोक माझ्या तोंडाला घाबरतात, पण त्या बाईच्या दोन वाक्यांपुढे माझं तोंड कुठल्या कुठे गेलं. मी दुसऱ्याचं मूल उचलून घरी नेणार होते आणि त्याच मुलाच्या आईने मला ते तयार करून, भांग पाडून दिलं होतं. एवढा हादरा मला कधी बसला नव्हता.

आमचे हे तेव्हा बोलले. "दोघींना घेऊन जाऊ. वरची खोली मोठी आहे."

किती सहज म्हणाले! पुरुषांना सगळं खोलीच्या मापातच दिसतं. मला ती बाई नको होती. खोटं कशाला सांगू? मला पोर हवी होती. ती माझ्या गळ्यात पडावी, तिने रात्री मला उठवावं, माझ्याशी भांडावं, एवढंच मी मागितलं होतं. तिची आई घरात येणार म्हणजे मी काकूच राहणार, जन्मभर. मी काही न बोलता उठले आणि अंगणात गाडीपाशी जाऊन उभी राहिले.

ती बाई माझ्या मागे आली. "ताई," ती हळूच म्हणाली, "तुमच्या मनात काय आहे ते कळतंय मला. ती तुम्हालाच आई म्हणेल. मी तसं सांगेन तिला, ऐकते ती माझं. मी मावशीच राहते. भांडी घासेन, पीठ मळेन. मला सवय झालीये आता."

हे ऐकून मला धक्का बसला असं सांगितलं तर ते अर्धंच खरं. पुढचा धक्का मोठा होता, आणि तो माझा मलाच बसला. कारण 'बरं' हा शब्द माझ्या जिभेवर येऊन बसला होता. फक्त ओठ उघडायचे होते. कुणाचं काही बिघडणार नव्हतं. पोरीला आई मिळत होती, आईला पोर मिळत होती, आणि जे मी इतकी वर्षं मागत होते ते मला मिळत होतं. मी ओठ उघडलेसुद्धा.

भिंगरी फाटकाजवळ गिरक्या घेत होती. मी तिला हाक मारली. ती आली, धापा टाकत आम्हा दोघींच्या मध्ये उभी राहिली.

"भिंगरे," मी म्हटलं, "हिला हाक मार."

"मावशी," ती म्हणाली.

"तशी नाही. देवापुढे मारलीस तशी."

तिने चटकन आईकडे बघितलं. आईने मान हलवली, नको म्हणून. भिंगरी माझ्याकडे बघायला लागली, मग अंगणातल्या पोरांकडे, मग दारात येऊन उभ्या राहिलेल्या पाळकसाहेबांकडे आणि मोठ्याबाईंकडे. इतकी माणसं. तिचा खालचा ओठ कापायला लागला.

"काही होत नाही," मी म्हटलं. "काकू आहे ना इथे. मार हाक."

"आई," ती ऐकू येईल न येईल अशी पुटपुटली.

"मोठ्याने गं!"

"आई!" भिंगरी किंचाळली. "आई! आई! आई!"

ती बाई दोन्ही हातांनी तोंड दाबून नुसती उभी होती. एवढ्या काळात कुणी तशी हाक मारली नव्हती, त्यामुळे उत्तर काय द्यायचं तेच ती विसरून गेली होती. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, आणि तरी मला तिचा भयंकर राग आला.

"बघत काय उभी राहिलीस?" मी तिच्यावर खेकसले. "अगं, ओ दे की तिला!"