पाजण्याआधी, पाजल्यानंतर

दुकानामागच्या खोलीत दुपारी दोन वाजता बाळाचं वजन चाललं होतं. घर वजनकाटे दुरुस्त करणाऱ्याचं. तिथे काट्याने सांगितल्याशिवाय कशावर कुणाचा विश्वास बसत नसे. पारड्यात मऊ दुपटं, त्यावर पाच आठवड्यांची ठकी. आधी वजन, मग सून तिला अंगावर घ्यायची, मग पुन्हा वजन. दिवसातून आठ वेळा.

"किती भरलं?" आत्याने दारातून विचारलं.

"पंधरा ग्रॅम," सुनेचा नवरा म्हणाला.

"अर्धा तास घेऊन बसली होती. पंधरा ग्रॅम म्हणजे तीन चमचे."

सून गाऊनची बटणं लावत राहिली. सकाळपासून तिची डावी बाजू दगडासारखी कडक झाली होती, अंगही तापलं होतं. नवऱ्याला तिने सांगितलं होतं. तो म्हणाला होता, आत्याला सांग.

आत्या म्हणजे काटेवाल्याची थोरली बहीण. सव्वा वर्षापूर्वी त्याची बायको गेली. तेव्हा भावाचं घर उघड्यावर पडू नये म्हणून ती स्वतःच्या दाराला कुलूप लावून इथे आली. कामाला वाघ, मनाने वाईट नाही. पण सुनेचं दूध पातळ आहे हे तिने ठरवून टाकलं होतं. शिवाय तिला वाटे, पोरगी आरशासमोर फार उभी राहते, अंग सैल पडेल म्हणून मुद्दाम बाळाला लवकर सोडवत असेल. सुनेला आत्याचा संशय होता. ठकी तिच्याकडे यायची ती पेंगत, आणि तिच्या तोंडाला गोडसर वास असायचा. पण हे बोललं तर सगळे म्हणणार, स्वतःचं झाकायला दुसऱ्यावर ढकलते. नवऱ्याला दोघींचाही संशय होता, म्हणून तो काट्याला धरून होता.

"उद्यापासून अंगावरचं बंद," आत्या म्हणाली. "दुधाच्या पावडरचा डबा आणून ठेवलाय. लेकरू उपाशी नाही मारायचं मला."

"मला पाजायचंय, आत्या."

"पाज की. कोण नको म्हणतंय? असेल तर पाज."

नवरा वजनं पुसून खोक्यात ठेवत होता. त्याने मान वर केली नाही.

पलीकडे दुकानात काटेवाला कुणा भाजीवाल्याचा काटा उघडून बसला होता. मधल्या फळकुटांतून सगळं ऐकू यायचं. रोज यायचं. आज मात्र त्याचा हात थांबला. सकाळी अकराला, पाजून झाल्यावर, मुलाने सांगितलेलं वजन होतं तीन किलो नऊशे चाळीस. आता दोनला, पाजण्याआधी, चार किलो दहा ग्रॅम. तीन तासांत पोरीने तीन लंगोट भिजवले. वजन उतरायला हवं होतं. ते सत्तर ग्रॅमने चढलं कसं?

वजन चुकलं की त्याच्या धंद्यात आधी पारड्यावर संशय घ्यायचा, मग वजनांवर, आणि शेवटी हातावर. तो आत आला. पारडं पुसलं. दुकानातली तपासणीची वजनं ठेवून पाहिली. काटा बरोबर होता. ठकीला त्याने स्वतः तोललं. मुलाचा आकडाही बरोबर होता. मग त्याने माणसांकडे पाहिलं.

"अकरा ते दोन ठकी कुणाकडे होती?"

"माझ्याकडे," आत्या म्हणाली. "का रे?"

"सत्तर ग्रॅम वाढली, अक्का."

"वाढणारच. वाढीचं वय आहे."

"तीन तासांत? पोटात काही न जाता?"

आत्याने हातातल्या घडी घातलेल्या दुपट्याची पुन्हा घडी घातली.

"दिली बाटली," ती म्हणाली. "रोज तीन-चारदा देते. रडते ती. मी स्वयंपाकघरात घेऊन जाते, तुम्हाला दुकानात ऐकू येत नाही."

"हिने पाजण्याआधी, की नंतर?"

"आधी. भुकेलं लेकरू कोरड्या जागी कशाला लावायचं?"

सून रडली नाही. "तोंडाला वास यायचा," ती म्हणाली. "मला वाटलं, माझंच डोकं फिरलंय."

"मग मला का नाही बोललीस?" नवरा म्हणाला.

"बोलले असते तर तुम्ही काय केलं असतं? वजन केलं असतं."

त्याच दुपारी काटेवाल्याने दवाखान्यातल्या नर्सबाईंना बोलावलं. त्यांनी आधी सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, मग सुनेला तपासलं आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "पोट भरलेलं मूल ओढत नाही. ओढलं नाही की दूध आतच साचतं, गाठ येते. शरीराला वाटतं, खप नाही, कमी बनवू. तुम्हीच आटवताय आणि तुम्हीच विचारताय कुठे गेलं. ताप आहे तिला, आजच डॉक्टरांना दाखवा. पाजणं मात्र थांबवायचं नाही. बाटली कशी कमी करायची ते मी रोज येऊन सांगेन."

"आणि आम्ही काय करायचं?" नवऱ्याने विचारलं.

"पाजणं तिचं. बाकी सगळं तुमचं. आणि ती पाजत असताना समोर उभं राहून मोजू नका. आठवड्यातून एकदा दवाखान्यात वजन होतं, तेवढं पुरे."

नर्सबाई गेल्यावर आत्या भावाला म्हणाली, "माझ्या थोरल्याच्या वेळी सगळ्यांनी माझ्या दुधाचा थेंब पाण्यात टाकून पाहिला होता. पसरला. पातळ म्हणाले. मी खरं मानलं रे. आजपर्यंत मानत होते."

याच खोलीत, याच पारड्यात, काटेवाल्याने स्वतःच्या मुलाला तोललं होतं. त्याची आई विचारायची किती भरलं, आणि तो आकडा सांगायचा. बायको भिंतीकडे तोंड करून पाजायची. त्याला वाटायचं, लाजते. तिला एकदा विचारायचं राहिलं, आणि आता विचारायला ती नव्हती.

त्याने काटा उचलला आणि दुकानात नेऊन ठेवला. लंगोट मुलाने धुवायला घेतले, पहिल्या दिवशी निम्मा साबण संपवून. आत्याने पाजून झालेली ठकी खांद्यावर घेऊन ढेकर काढायचं काम मागून घेतलं. पहिले दोन दिवस सून तिला पोर देताना आत्याच्या हातांकडे बघायची. विश्वास गेला की परत यायला वेळ लागतो. दहाव्या दिवशी ताप गेला होता आणि बाटली दिवसाला एकवर आली होती. पान्हा पुरता आलाय की नाही, हे नर्सबाईंनीही अजून सांगितलं नव्हतं.

त्याच दिवशी एक तरुण दुकानात आला. बायको बाळंत होऊन बारा दिवस झाले होते. त्या गल्लीत अशा घरांना काटेवाला महिनाभर काटा उसना देत असे. वर्षानुवर्षं देत आला होता.

"काटा नाही देणार," काटेवाला म्हणाला.

"बिघडलाय का?"

"नाही. चांगला आहे."

"मग मी घरी काय सांगू? आई म्हणते, हिला दूध येत नाही."

"सांग, दिला नाही. बायको सलग दोन तास शेवटची कधी झोपली?"

गल्लीतून माणसं जात होती. तरुण आठवत उभा राहिला, आणि काटेवाल्याने त्याला घाई केली नाही.