ग्लाफिरा आजींचं मत

सर्वोच्च सोव्हिएतची, म्हणजे देशाच्या संसदेची, निवडणूक होती. दुपारपर्यंत किनेश्मा गावातल्या गिरणी-कामगारांच्या बराकीतल्या सगळ्यांनी मतं टाकली. राहिल्या फक्त ग्लाफिरा आजी. बराकीची जबाबदारी रिम्मावर होती. ती शाळेत गणित शिकवायची. पण निवडणूक आली की मतदानाला माणसं गोळा करायची. शेवटचं मत पडल्याशिवाय घरी जायची सोय नव्हती.

मतपत्रिकेवर नाव एकच. दुमडून पेटीत टाकायची, संपलं. पण आजी पलंगावर हटून बसल्या होत्या. बर्फ वितळत होतं, आणि छतातून थेंब घमेल्यात पडत होते.

"कितीदा अर्ज केले," त्या म्हणाल्या. "आधी छप्पर दुरुस्त करा, मग मत घ्या. आज तरी म्हातारीचं ऐकाल."

"चला ना आजी. घरी पोरगी तापाने फणफणलीय माझी."

आजी हलल्या नाहीत. रिम्मा शाळेत परतली; मतदान केंद्र तिथेच होतं. केंद्रप्रमुख मान वर न करता म्हणाले, "सांगा त्यांना, सोमवारी माणसं येताहेत."

"खरंच येणार आहेत?"

"बाई, मला वर शंभर टक्के मतदान कळवायचंय. छपराचं काय घेऊन बसलात?"

रिम्मा परत गेली. घमेल्याकडे बघत म्हणाली, "सोमवारी माणसं येताहेत. मी स्वतः विचारलं."

आजी तिच्याकडे बघत राहिल्या. मग निळा रुमाल बांधून, तिचा हात धरून चिखलातून निघाल्या. मत पडलं. केंद्रप्रमुखांनी हात मिळवला. त्या दिवशी मतदारांसाठी शाळेत एरवी न मिळणारी संत्री विकायला ठेवली होती. आजींनी दोन घेतली आणि बाहेर येऊन रिम्माच्या कोटाच्या खिशात घातली.

"पोरीला दे."

"आजी, सोमवारी नक्की..."

"पुरे. एकदा बोललीस तेवढं बास. पुन्हा कशाला जीभ विटाळतेस? मला तेव्हाच कळलं होतं. पण मी अडून बसले असते, तर तू घरी कधी गेली असतीस?"

आजी एकट्याच भिंतीच्या आधाराने निघून गेल्या.

सोमवारी कुणी आलं नाही. रिम्मा बराकीवरून जायचं टाळून नदीकडून लांबच्या वाटेने शाळेत जाऊ लागली. पुढे मे महिन्यात पावाच्या रांगेत आजी दिसल्या. चारचौघांत बोल लावतील तर बरं, असं तिला वाटलं. पण आजी सरकल्या आणि म्हणाल्या, "ये गं, माझ्यापुढे उभी राहा."

रिम्मा पुढे उभी राहिली. दुकानाच्या दारापर्यंत तिला मागे वळून बघवलं नाही.