दांडीची तार

मित्रांनो, गाडी धुताना तुम्ही काचा पुसता, चाके घासता; पण गाडीच्या पोटाखाली वाकून कोण पाहतो? मी तिथे राहतो. मी एक जुना पितळी कॉक आहे. इंजिनाचे ऑइल ज्या चेंबरमध्ये साठते, त्याच्या तळाशी मला बसवले आहे. माझी दांडी उचलून फिरवली की जुने ऑइल खाली येते, परत फिरवली की थांबते.

लेथवर मला कातले, आटे पाडले. मीरा रोडच्या परशुराम मिस्त्रीने मला खारी गावातल्या गुणवंतच्या व्हॅनला लावले. गुणवंतच्या वाडवडिलांची मिठागरे होती. तो आता भाडी मारतो. मला बसवल्यावर मिस्त्रीने दांडीला बारीक तार गुंडाळून पीळ दिला.

"ही कशाला?" गुणवंतने विचारले.

"खालून काही अडकलं तर दांडी फिरेल. तार हाय तोवर बिनघोर ऱ्हा. काढलीस तर माझ्याकडे रडत येऊ नको."

मला राग आला. चांगल्या पितळेला बैलासारखी वेसण! पण चार वर्षे माझ्यातून थेंबही गळला नाही. मिस्त्री शाबासकी द्यायचा आणि मी फुगायचो. दांडी दाबून धरणारी माझी स्प्रिंग मात्र मऊ पडत चालली होती. दांडी तारेच्या जिवावर जागेवर होती, हे मला ठाऊक असूनही मी फुशारकीत राहिलो.

दसऱ्याला गुणवंतने व्हॅन धुतली. त्याची बायको पुष्पलता झेंडूचे भलेमोठे तोरण घेऊन आली. पुढच्या जाळीला बांधायला दोरा पुरेना.

"अवो, तार हाय का कुठं?"

गुणवंत खाली वाकला. "ही हाय की."

"कसली ती?"

"काय न्हाय, अशीच. उद्या दुसरी बांधीन."

तोरण चढले, नारळ वाढवला. खोटे कशाला सांगू, मला मोकळे वाटले.

दुसऱ्या दिवशी गुणवंत तार बांधायला विसरला. सकाळीच हंसाबेनना डायलिसिसला न्यायचे होते. त्या शेजारच्या इमारतीत राहतात, आणि आठवड्यातून तीनदा गुणवंतच त्यांना नेतो. सणासाठी त्यांनी आदल्या दिवशीची पाळी पुढे ढकलली होती. पाय सुजले होते, धाप लागत होती.

वाटेत रस्ता खोदलेला होता. खडीतून वर आलेली गोणीची सुतळी माझ्या दांडीत अडकली. गाडी पुढे गेली, दांडी उचलली गेली, फिरली. स्प्रिंगने धरायला हवे होते. तिने धरले नाही. मी उघडलो. गरम ऑइल रस्त्यावर सांडत राहिले.

"गुणवंतभाई, ही लाल लाइट कशाची?"

"पोचतोय हंसाबेन, पाचच मिन्टं."

पाच मिनिटे इंजिन कोरडे घासत राहिले. मग खाडकन जाम झाले.

गुणवंतने हंसाबेनना उचलून रिक्षात बसवले. त्या पोचेपर्यंत त्यांचे मशीन दुसऱ्याला गेले होते. दुपारपर्यंत ऑक्सिजनवर काढावे लागले. वाचल्या, पण थोडक्यात.

हे मला संध्याकाळी कळले, गुणवंत परशुरामवर ओरडला तेव्हा. "तुझा कॉक भंगार! बाई मेली असती!"

परशुराम गाडीखाली शिरला. "तार कुठंय?"

गुणवंतने पुढच्या जाळीकडे पाहिले.

"बोल की, कुठंय?"

"तोरणाला."

"वा रे राजा! देवाला तार दिली, अन् गाडी देवावर सोडली!" मग त्याने माझी दांडी हलवली आणि त्याचा आवाज उतरला. "स्प्रिंग गेलीय. ही मी बघायला पायजे व्हती."

दोघेही मान खाली घालून बसले. तिसरा अपराधी मी. मला मान नाही एवढेच.

इंजिन पुन्हा बांधायला महिना लागला. माझी स्प्रिंग बदलली, दांडीवर पक्की क्लिप बसवली, वर दुहेरी तार. हंसाबेन परत याच व्हॅनने जाऊ लागल्या, पण एका अटीवर.

"गुणवंतभाई, आधी खाली बघा. नंतर मी बसते."

मित्रांनो, जे आपल्याला जपते ते फार साधे असते, म्हणूनच ते सणाच्या घाईत पहिले उपटले जाते. तसे करू नका. आणि आपण ढिले पडत आहोत हे ज्याला कळते, त्याने शाबासकी घेत बसू नये.

आता गुणवंत रोज रस्त्यावर आडवा होतो आणि बोटांनी मला चाचपतो. तेवढा वेळ हंसाबेन दार धरून उभ्या असतात. त्या सुजलेल्या पायांवर उभे राहणे त्यांना किती जड जाते, ते मला खालून दिसते.