मिरादोरची डावी चौकट

"शब्द कधी एकटा येत नाही, पोरांनो. त्याच्यामागं त्याचं अख्खं गणगोत येतं." तीस वर्षांपूर्वी शेवटच्या बाकावर ऐकलेला हा आवाज सुताराच्या कानात अजून ताजा होता. आज तोच आवाज त्याच्या पाठीमागं खुर्चीत बसून बोलत होता.

बाईंचे गुडघे कामातून गेले होते. दीड वर्षात त्या जिना उतरल्या नव्हत्या. म्हणून भिंतीबाहेर डोकावणारी, तिन्ही अंगांनी काचेची खिडकी त्यांनी करायला घेतली आणि काम दिलं ते आपल्या या 'ढ' विद्यार्थ्याला. तिला खिडकी म्हटलेलं मात्र त्यांना खपत नसे. मिरादोर म्हणायचं.

सकाळचं ऊन लाकडाच्या भुशावर लोळत होतं आणि बाई सांगत होत्या, जणू कुणाच्या माहेरची गोष्ट. शब्द स्पॅनिश. मिरार म्हणजे पाहणं. पण त्याची लॅटिन आजी नुसती पाहायची नाही, पाहून थक्क व्हायची. तिच्या लेकीबाळी इंग्रजीच्या घरी नांदायला गेल्या. एक मिरर, भिंतीला टेकून राहिली. एक मिरॅकल, तिला लोक हात जोडतात. अ‍ॅडमायर भोळी, दिसेल त्याचं कौतुक करत सुटते. आणि मिराज, फ्रेंचांच्या अंगणातून आलेली, भारी लबाड. पाणी दाखवते, पाजत नाही.

सुतार हं हं करत होता. त्याचा जीव डाव्या चौकटीत अडकला होता. भिंत जुनी, एका अंगाला कललेली. त्यानं उजवीकडचंच माप डावीकडं धरलं आणि चौकट चार बोटं तोकडी पडली. रुंद पट्टी मारली की फट झाकणार. कुणाच्या बापाला कळलं नसतं.

पट्टी हातात घेऊन तो खुर्चीच्या उंचीला वाकला. फटीतून गल्लीच्या टोकाचं शाळेचं फाटक दिसत होतं, निळं, अर्धं उघडं, आत पळणाऱ्या दप्तरांसकट. पट्टी धरली, फाटक गेलं. काढली, आलं.

इथून काय दिसतं ते बाईंना ठाऊकच नव्हतं. जे कधी दिसलंच नाही, त्याची चुटपुट कुणाला लागणार?

"झालं का रे?" बाईंनी विचारलं. "आता बसू दे मला तिच्यात."

त्यानं हातोडी खाली ठेवली. धडा पाठ न करता आलेलं पोर उभं राहावं, तसा उभा राहिला.

"बाई, माप चुकलं माझं," तो म्हणाला. "पट्टी मारून झाकणार होतो. पण तिच्याआड आपल्या शाळेचं फाटक जातंय. चौकट नवी करतो, काच पार भिंतीपर्यंत नेतो. चार दिवस द्या."