रेनकोटच्या कापडाचा पोशाख

बेटावरच्या त्या खोलीत वाळत घालायला जागा म्हणून उरली नव्हती. खिडकीच्या गजांवर टॉवेल, खुर्चीच्या पाठीवर नणंदेचा पोहण्याचा ड्रेस, पंख्याखाली नवऱ्याची हाफपँट. सगळं घर ओलं झालं होतं. कोरडे होते ते फक्त तिचे आणि तिच्या लेकीचे कपडे.

लेकीला सगळे चिमणीच म्हणत. घरून निघेपर्यंत समुद्र, समुद्र करून तिने सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते. पण पहिल्याच दिवशी एका लाटेने तिला आडवं केलं, नाकातोंडात पाणी गेलं आणि पोरीने कानाला खडा लावला. बापाने खांद्यावर घेतो म्हणून पाहिलं, आत्याने चॉकलेटचं आमिष दाखवलं. ती आपली माडाच्या सावलीत वाळूत खड्डे खणत बसली. उद्या सकाळच्या बोटीने तर परत निघायचं.

"अहो, ही भीती घेऊन घरी गेली ना, तर जन्मभर तिच्या मानगुटीवर बसेल," ती नवऱ्याला म्हणाली.

"अगं, मग तू समजाव. तुझं ऐकते ती."

तिने समजावलं. चिमणीने खड्ड्यातून मान वर न काढता विचारलं, "पण आई, तू तरी कुठे जातेस पाण्यात?"

झालं. पोर खोटं कुठे बोलत होती? दोन दिवस ती स्वतःच चपला सांभाळायच्या निमित्ताने किनाऱ्यावर बसून होती.

ती खोलीत गेली. बॅगेच्या तळाशी घडी करून ठेवलेला तो पोशाख काढला. ती कामाला होती त्या कारखान्यात उरलेल्या कापडातून, मुकादमबाईंना विचारून, तिने तो घरी शिवला होता. गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध, निळाशार. आणायला आणला, पण घालायची लाज वाटत होती. आता देवाचं नाव घेतलं, अंगात चढवला आणि बाहेर आली.

नणंद बघतच राहिली. "वहिनी! पोहायला निघालीस की चंद्रावर?"

"हसा हसा," ती म्हणाली आणि थेट पाण्याकडे चालू लागली. नवरा लगबगीने मागे आला.

आता यात एक गोम होती. ती रेनकोट शिवणारी बाई. लग्नाआधीपासून तिचा हात एकाच कामात घडलेला, थेंबभर पाणी आत शिरू द्यायचं नाही. तयार कोटावर मुकादमबाई तांब्याने पाणी ओतून बघत. आतून ओलसर लागला की कोट परत. त्यामुळे पोहायचा पोशाख शिवतानाही हात सवयीनेच चालला. प्रत्येक शिवणीवर आतून पट्टी चिकटवली, मनगटांना, घोट्यांना, गळ्याला घट्ट इलॅस्टिक घातलं. पाणी आत जाणार नव्हतं, हे खरंच. पण आतली हवा तरी बाहेर कुठून जाणार?

गुडघाभर पाण्यात कापड पायांना चिकटलं. कमरेएवढ्या पाण्यात सगळी हवा वर सरकली आणि तिची पाठ, पोट, दंड टरारून फुगले. एक लाट आली, तिचे पाय सुटले आणि ती आकाशाकडे तोंड करून तरंगायला लागली.

"अहो, धरा मला! गेले मी!"

"कुठे जातेस? बुडायचं म्हटलंस तरी बुडणार नाहीस तू!" तिचा हात धरून नवरा हसत होता. नणंदेची तर हसून हसून पुरेवाट झाली.

"वहिनी, एक टाका उसवू का? हवा तरी जाईल!"

"माझ्या शिवणीला हात लावायचा नाही, सांगून ठेवते!"

बोलता बोलता तिच्या लक्षात आलं, की आपण घाबरलेलो नाही. कानांत पाणी गुळगुळत होतं, ऊन डोळ्यांवर होतं, आणि एवढा मोठा समुद्र तिला पाळण्यातल्या बाळासारखा हलवत होता. मनोमन तिने हात जोडले.

"बाबा, आईला सोडू नका! ती वाहत जाईल!"

आवाज फार जवळून आला. तिने मान वळवली. चिमणी छातीएवढ्या पाण्यात उभी होती आणि तिने आईचा तरंगणारा पाय दोन्ही हातांनी गच्च धरला होता. नणंद काही बोलणार, तेवढ्यात आईने डोळे वटारले. नणंदेने शब्द गिळला.

"ओढ गं मला," ती लेकीला म्हणाली, जणू हे रोजचंच.

चिमणी ओढू लागली. आधी किनाऱ्याकडे, मग खिदळत उलटी, मग गोल गोल. आणि मागून लाट आली. पोरीचं डोकं दिसेनासं झालं. आईने उठायची धडपड केली, पण त्या फुग्यातून धावून जाणं काही जमण्यासारखं नव्हतं. बापाने हात पुढे केला तोवर चिमणी आपली आपणच वर आली होती. खोकली. केस डोळ्यांवरून मागे सारले. आईकडे पाहिलं.

"शी! किती खारट आहे गं," चिमणी म्हणाली आणि पुन्हा पाय धरून तिने विचारलं, "आता कुठल्या बाजूला नेऊ?"